मे महिन्यात मोजलेली सावली

त्या बांबूची आठवण आली की माझं डोकं आजही फिरतं. सत्तरच्या दशकाची अखेर असेल. मी सेलूच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि नालवाडीच्या आमच्या घरी आई संधिवातानं बेजार. हिवाळ्यात अंगणात बाज टाकून ऊन घेतलं की तिचे गुडघे जरा मोकळे व्हायचे. नाहीतर दिवसभर कण्हणं.

दक्षिणेकडच्या शेजाऱ्याला घरावर मजला चढवायचा होता. माणूस भला, आधी आईला विचारायला आला. भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी त्यानं आपल्या गच्चीच्या कडेला मजल्याएवढा बांबू उभा केला. सावली बांबूच्या बुडाशीच.

"पाहा काकू, तुमच्या अंगणात सावली येऊन राह्यली का?"

मी म्हटलं, आत्ता सूर्य डोक्यावर आहे, म्हणून. पृथ्वी कललेली आहे आणि तशीच कललेली राहून सूर्याभोवती फिरते. पौषात आपली बाजू सूर्यापासून पलीकडे झुकेल, सूर्य दक्षिणेला खाली उतरेल आणि सावली थेट बाजेवर येईल. चेंडू आणून, तिरपा धरून दाखवलं.

शेजारी हसला. "बाई, शाळेले सुट्ट्या लागल्या न?"

आईही हसली. "डोळ्यानं दिसून राह्यलं, अन् हे चेंडू दाखवते. बांधा बाप्पा तुम्ही."

असा संताप आला म्हणून सांगू. वर्गातली पोरं परीक्षेपुरतं तरी ऐकायची. घरात माझ्या भूगोलाला काडीची किंमत नव्हती.

दिवाळीपर्यंत मजला उभा राहिला आणि सावली अंगणात शिरली. आई रोज बाज थोडी पुढे सरकवायची. पौषात बाज फाटकाबाहेर, रस्त्यावर आली. सायकली घंटी वाजवत तिच्या पायाशेजारून जायच्या आणि मी आतल्या आत चरफडायची.

एक दिवस शेजारीण वरून म्हणाली, "काकू, रस्त्यावर काऊन बसता? आमच्या गच्चीवर या न. लय मस्त ऊन आहे इथं."

आईनं त्यांच्या नव्या जिन्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूच मला विचारलं, "तुही पृथ्वी वापस कधी झुकते इकडे?"

"होळीपर्यंत येईल ऊन अंगणात."

होळीनंतरच्या उन्हात आमच्याकडे कोणी बसत नाही.