विंचरलेल्या बर्फावरची रेघ

कुवेतमध्ये बर्फ विंचरून पोट भरणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. तुळशीदास परब तसा माणूस होता. बाहेर ऑगस्टचं ऊन पन्नासला टेकलेलं, आणि हा बाबा मॉलच्या पोटातल्या बर्फाच्या घसरगुंडीवर, उणे चारमध्ये, कानटोपी घालून, ट्रॅक्टरएवढ्या यंत्रावर बसून उताराला कंगवा फिरवतोय! कुडाळकडे गावी त्याचा मेव्हणा त्याला चारचौघांत 'हिमालय' म्हणून हाक मारायचा. म्हणेना का. मेव्हण्याला आयुष्यात साधी सायकल धड चालवता आली नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वी तो एसी मेकॅनिक म्हणून आला. रिग्गईच्या एका खोलीत चार बॅचलर, चौघंही बायकामुलंवाले, तरी नाव बॅचलरच. कायमचं घरी जायचं, फायनल एक्झिट घ्यायची, असं त्याने तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा पुढे ढकललं. आधी मुलीचं लग्न आलं, मग दुसरीचं, मग घराची डागडुजी. हल्ली त्याची बायको कमल फोनवर "कधी येतलात?" असं विचारायचीच थांबली होती, आणि त्याचीच त्याला जास्त धास्ती वाटायची. या वेळी मात्र त्याने राजीनामा दिला, अकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द करायला टाकला, गुरुवारी संध्याकाळचं तिकीट काढलं. "आता नाय गेलंय तर माझी पेटीच जायत," असं तो खोलीत सगळ्यांना सांगत होता.

पण त्याला जाऊ देतंय कोण, हाच प्रश्न होता.

त्या उतारावर सगळेच एकत्र घसरायचे. नवशिके, पोरंटोरं, हौशी आणि दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून घसरणारे बोर्डवाले. बोर्डवाल्यांतही एक जात वेगळी. ते बोर्ड फरफटवत नाहीत, कडेवर उभा करतात, आणि कड बर्फात कापत जाते. मागे सुरीने ओढल्यासारखी बारीक रेघ राहते. अशी वळणं लांब-रुंद असतात, उताराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्यातल्या एका वळणाला माणसाची पाठ वरच्या बाजूला येते आणि वरून कोण येतंय ते त्याला दिसतच नाही.

काशिफ त्या जातीतला. सव्वीस वर्षांचा, रुमैथियाला राहणारा, आईबाप रत्नागिरीकडचे पण पोरगा कुवेतमध्येच वाढलेला. मराठी कळायचं सगळं, उत्तर द्यायचा अर्धं इंग्रजीत. रोज दहाला दार उघडलं की पहिला आत. "चाचा, डोन्ट टच, फर्स्ट लाईन माझी!" असं ओरडायचा. तुळशीदासने विंचरलेला बर्फ त्याच्याइतका कुणाला आवडत नसे.

कापत जाणाऱ्यांसाठी एक लेन वेगळी ठेवा, डाव्या अंगाला दोरी बांधा, असा अर्ज काशिफने तीनदा दिला. तिसऱ्या वेळी उताराचा सुपरवायझर जहीर, दापोलीकडचा, त्याने तुळशीदासला विचारलं, "काय करायचं, भाऊ? तुझं मत वर कळवतो." तुळशीदास म्हणाला, "दोन तुकडे करून विंचरायचं म्हणजे माझं काम दुप्पट. नको म्हणून लिही." जहीरने नको म्हणून लिहिलं. बस्स. एवढंच घडलं. दोन आठवड्यांनी कुणी नवशिका वरून सुसाट आला आणि पाठमोऱ्या काशिफवर आदळला. जाब्रियातल्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी पोरगा गेला.

महिन्याभरात लेन झाली. मेल्याशिवाय काही होत नाही, ही रीत काय आपल्याकडचीच थोडी आहे! सगळे जहीरला शिव्या घालत राहिले, त्यानेच अर्ज अडवला म्हणून. जहीरने कधी तुळशीदासचं नाव काढलं नाही. आणि तुळशीदासनेही कधी तोंड उघडलं नाही.

लेन झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती रेघ दिसली.

नऊला विंचरून झालं होतं. कुलूप लावून तो चहाला गेला. दहाला उघडून बघतो तर लेनवर वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. वर चढत गेल्याचं एक पाऊल नाही. किल्ली त्याच्याच खिशात. जहीरने कॅमेरा पाहिला. नऊ चाळीसला बर्फ कोरा, नऊ एकेचाळीसला रेघ. मधे काहीच नाही. "सफाईवाल्यांचा चावटपणा," असं म्हणत जहीर ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला आणि त्याने स्क्रीन बंद केला.

तुळशीदासला मात्र लगेच उमगलं. म्हणजे त्याला तसं वाटलं. त्याच्या गावात देवचार आहे, राखणदार. रोज ठरल्या वाटेने सीमेवरून फेरी मारतो. ती वाट कुणी अडवत नाही. गावड्यांनी एकदा त्या वाटेवर पडवी बांधली, तर तिची मागची भिंत तीन पावसाळे कोसळली, चौथ्याला गावड्यांनीच ती मोकळी सोडली. जागा आहे तिथे राखणदार असणारच. कुवेत झालं म्हणून काय झालं? जमीन ती जमीनच. दोरी बांधून वाट मोकळी केली, तिथून त्याची फेरी सुरू झाली!

मग त्याने करायचं ते केलं. बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, नारळ आणला, लेनच्या तळाशी टोपी काढून उभा राहिला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, तुझी वाट मी राखतलंय, कोणाक आडवो येवक दिवचंय नाय." व्हय म्हाराजा म्हणायला दुसरं माणूस लागतं. नव्हतं कुणी, म्हणून त्याने स्वतःच म्हटलं. आणि एक घोडचूक केली. शब्द दिला, पण त्याला मुदत घातली नाही. गावात शेंबडं पोरसुद्धा ही चूक करणार नाही.

दोन महिने रोज सकाळी रेघ. त्याला सवय झाली. वाईट काही घडलं नाही, उलट तिच्याकडे बघून त्याला बरं वाटायचं. पण ज्या दिवशी त्याने राजीनामा दिला, त्या दिवसापासून रेघ लांबली. आधी लेन संपते तिथे संपायची. आता बर्फावरून उतरून रबरी चटईवर ओल्या ओळीने यायला लागली. सोमवारी कपड्यांच्या खोलीच्या दारापर्यंत आली. मंगळवारी आत आली. बारा कपाटं ओलांडून ओळ तुळशीदासच्या टांगलेल्या जाकिटाखाली थांबली होती, आणि तिथे पाण्याचं छोटंसं थारोळं झालं होतं.

 पुढची पायरी कोणती? रिग्गईची खोली? विमान? कुडाळचं घर, तिथे कमल एकटी?

बुधवारी सकाळी त्याने जहीरला सगळं सांगितलं. जहीर हसला नाही. "गावच्या गाऱ्हाण्याला आमच्या घरचा नारळ असायचा, आजोबांपासून. मला काय सांगतोस? चल, मी म्हणतो तुझं व्हय म्हाराजा."

दोघं लेनच्या तळाशी उभे राहिले. वर दिवे पांढरेफटक, यंत्रांची घरघर, बाकी माणूस नाही. तुळशीदासने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, दोन म्हयने तुझी वाट राखलंय. आता माका घराक जावक दी. माझ्या जाग्यार दुसरो येतलो, तो राखतलो."

"व्हय म्हाराजा," जहीर म्हणाला.

वरून आवाज आला. खर्रर्र.

दोघांनी वर पाहिलं. बर्फ आपोआप कापला जात होता. बोर्ड नाही, माणूस नाही, नुसती रेघ खाली येत होती, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला बर्फाचा भुगा उडत होता. डावीकडे. उजवीकडे. जहीरने तुळशीदासचं मनगट इतकं आवळलं की पुढे दोन दिवस वळ राहिले.

तिसऱ्या वळणाला रेघ जरा आत दबली, जणू कुणी खांद्यावरून मागे वळून पाहिलं.  हे वळण तुळशीदासने शंभरदा पाहिलं होतं. पाठ वर आली की काशिफ दर वेळी असाच मागे बघायचा, आणि त्याची कड तेवढी खोल जायची. कसला देवचार नि कसला राखणदार! ओळखीच्या पोराला नारळ देऊन दोन महिने तो त्याला देव समजत बसला होता.

रेघ त्याच्या बुटांपासून वीतभर अंतरावर थांबली. गार भुगा तोंडावर उडाला.

तो मटकन गुडघ्यांवर बसला. "काशिफ, बाबा, लेन नको म्हणून मी सांगितलं होतं. जहीरने नाही, मी. कामाचा कंटाळा केला मी. माझ्या आळसाने तू गेलास रे!" आणि हा सत्तावन्न वर्षांचा बाप्या लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. जहीर त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. रेघ पुढे सरकली नाही.

गुरुवारी सकाळी त्याने शेवटचं विंचरलं, कुलूप लावलं, दहाला उघडलं. लेन कोरी. चटई कोरडी. जाकिटाखाली काही नाही. अकरापर्यंत थांबला, तरी काही नाही. सुटलो, असं त्याच्या मनात आलं. खोटं कशाला बोलायचं, त्याला आनंद झाला.

आता एकच काम उरलं. काशिफच्या आईलाही हे सांगितल्याशिवाय विमानात बसायचं नाही, असं त्याने रात्रीच ठरवलं होतं. दुपारी तो रुमैथियाला गेला. झुलेखाबींनी दार उघडलं, पाणी दिलं. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. अर्ज, आपलं उत्तर, रेघ, कालची सकाळ. त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. फक्त "काल किती वाजता?" एवढं विचारलं.

"दहाच्या आत."

त्या उठल्या आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कपाटावर काशिफचा बोर्ड आडवा ठेवला होता, शेजारी घडी घातलेला टॉवेल.

"दोन महिने झाले, तुळशीदासभाऊ," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी हा ओला असायचा. कडेला बर्फ लागलेला. मी कुणालाच सांगितलं नाही, म्हटलं वेडी ठरवतील. दहा वाजले की मी पुसायचे. लहानपणी शाळेतून भिजून आला की डोकं पुसायचे ना, तसं." त्यांनी हात उंचावून बोर्डाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्याच्यासमोर धरलं. बोट कोरडं होतं. "आज नाही आला."

तुळशीदासने स्वतःही कडेला बोट लावून पाहिलं.

"तुम्ही त्याला मोकळं केलंत," त्या म्हणाल्या. "मला विचारलं होतंत?"

मग त्यांनी टॉवेलची घडी मोडली, स्टुलावर चढल्या, आणि तो कोरडा बोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायला लागल्या.