नव्या कार्डाचं सील

आर्णीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नांचे व्हिडिओ जुळवते. यंदाच्या उन्हाळ्यात त्यासाठी नवं कोरं ग्राफिक्स कार्ड घेतलं. व्हिडिओचं जड काम कॉम्प्युटरमध्ये हेच कार्ड उचलतं. याने मात्र पहिल्याच लग्नाला पाठ टेकली. पाठवणीचा भाग मी संथ गतीत केला होता, तो सगळ्यात जड. तिथे आलं की कार्ड तापायचं आणि स्क्रीन काळी व्हायची.

मांडवपरतणी परवावर आली होती. त्या दिवशी नवरी माहेरी येते आणि सगळे मिळून व्हिडिओ पाहतात, ही आमच्याकडची आता पक्की रीत. त्यात या नवरीला जिने वाढवलं ती मोठी आई, हळदीच्या आदल्या दिवशी पडून मांडीचं हाड मोडून बसलेली. लग्न तिने पाहिलंच नव्हतं. व्हिडिओ नक्की देते, असा तिला मी शब्द दिला होता.

कंपनीला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "मॅडम, तुमच्या खोलीत एसी नाही का?" मी म्हटलं, कूलर आहे. "मग गरम होणारच. घरात कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना फोन द्या." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन मी कोणालाही दिला नाही, कापला.

मग पेचकस घेतला. एका स्क्रूवर कागदी सील होतं, फाडलं तर वॉरंटी जाते असं लिहिलेलं. फाडलं. कार्डातली चिप आणि तिच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये राखाडी मलम असतं, थर्मल पेस्ट. चिपची उष्णता ठोकळ्यापर्यंत तेच पोचवतं. इथे अर्ध्या चिपवर पेस्टचा गोळा आणि उरलेली अर्धी कोरडी ठणठणीत. पोळीला तूप लावतानाही कोणी इतकं अंग चोरत नाही.

सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. "घे, घरचाच कापूस हाये. याच्यावानी सफा काही होत नाही," म्हणत त्यांनी मूठभर पुढे केला. आमच्या घरात जखमेपासून आरशापर्यंत सगळं कापसानेच पुसतात. मीही सॅनिटायझरमध्ये भिजवून पुसलं, नवी पेस्ट लावली, कार्ड बसवलं. पाठवणी आली, स्क्रीन पुन्हा काळी. उघडून पाहते तर पेस्टमध्ये कापसाचे तंतू अडकलेले आणि ठोकळा एका बाजूने नीट टेकलेलाच नाही. "आता कापसानंबी दगा द्यावा काय?" सासूबाई म्हणाल्या. चष्म्याच्या फडक्याने सगळं पुन्हा पुसलं, पेस्ट पातळ पसरवली आणि स्क्रू आलटूनपालटून आवळले. या खेपेस पाठवणी सुखरूप पार पडली.

अर्ध्या कोरड्या चिपचा फोटो मी आधीच काढून ठेवला होता. तो कंपनीला पाठवला. त्याच माणसाचा फोन आला, "मॅडम, सील कशाला तोडलं? वॉरंटी गेली. आम्हीच बदलून दिलं असतं, महिनाभरात." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मी म्हटलं, "दादा, आमची कापसाची गाडी बाजारात लागली की घेणारा कोपरापर्यंत हात घालतो. वरून पांढराशुभ्र असला तरी आतला उपसून पाहतो, आणि मूठभर ओला निघाला तर अख्ख्या गाडीचा भाव पाडतो. आम्ही मुकाट उभे राहतो, कारण पाहून घेणं घेणाऱ्याचा हक्क. मग मी घेतलेल्या मालाचा एक स्क्रू काढला तर गुन्हा कसा?"

तो म्हणाला, "अजून काही मदत करू शकतो का?"

मांडवपरतणीला मोठ्या आईची खाट टीव्हीपुढे आणली. हळद, अक्षता, जेवणं ती शांतपणे पाहत होती. पाठवणीत नवरी गाडीत बसताना थांबली, मागे वळून गर्दीत कोणाला तरी शोधू लागली. मोठ्या आईने हात वर करून व्हिडिओ थांबवायला लावला.

"मलेच पाहून राह्यली होती का थे?" तिने विचारलं. नवरीने तिच्या उशाशी बसून हो म्हणून मान हलवली.

कार्ड नेमकं याच जागी बंद पडत होतं. आणि तो कंपनीवाला मला विचारतो, सील कशाला तोडलं.