खोटा किडा आणि देवाचा कोंबडा

नोटा बंद झाल्या त्या साली चिकूच्या वाडीतलं माझं काम सुटलं. हात थरथरायला लागले होते. पाटीत टाकलेला चिकू मातीत पडायचा. मालक बोलला, "म्हातारे, आता घरी बस." नवरा आधीच गेलेला, मुलगा नरपडला बोटीवर. कैनाडच्या घरात मी आणि भिंत. मी भिंतीकडं बघायची, भिंत माझ्याकडं बघायची. दोघी पण कंटाळलो.

नदीवर गळ टाकायची सवय मला लहानपणापासून. पण गांडुळं खणायला आता कंबर वाकत नव्हती. मग मी मनाशी बोलली, मासा काय चाखून बघणार हाय? त्याला खोटा किडा देऊ.

तशी सुरवात झाली. गळ दाराच्या फटीत अडकवायचा, म्हणजे हलत नाय. फाटक्या चपलेचं रबर कापून अंग करायचं. वेफरच्या पुडीचा चकचकीत कागद पोटाला. अंगणात गळलेली कोंबड्याची पिसं पंखांना. वर दोरा गुंडाळून गाठ मारायची, दातानं ओढायची. पहिला किडा बघून शेजारच्या घरातली माझी जाऊ बोलली, "बाय, हा किडा हाय का चपलीचं पिल्लू?" मासे पण तेच बोलले असतील, एक आला नाय.

पण करता करता जमलं. गंमत अशी, की हात थरथरतो म्हणून वाडीतनं काढलं, आणि नदीवर त्याच थरथरीनं किडा जिता वाटायचा. मासा मागं लागायचा. मासा मिळाला नाय तरी मला वाईट वाटायचं नाय. किडा बनवताना जेवायचं पण विसरायची. आणि विसरलं तर बरंच, पुष्कळदा घरात जेवायला नसायचं.

दुसऱ्या साली पाऊस सरल्यावर मी एक नाकतोडा बनवला. हिरव्या चपलीचं अंग, जावेच्या सुनेची लाल नेलपॉलिश डोळ्यांना, कोंबड्याच्या मानेची पिसं. असा नाकतोडा देवानं पण बनवला नसेल. पॉलिश सुकायला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, लावलेली काठी ओट्याला टेकवली आणि नाकतोडा वाऱ्यावर लटकत ठेवला.

त्याच दिवशी जावेच्या घरी नवस फेडायचा होता. तिच्या सुनेची दोन लेकरं पोटातच गेली होती. तिसरं राहिलं तेव्हा जावेनं गावदेवाला लाल कोंबडा बोलला. पोर जन्मलं, मान धरायला लागलं. कोंबडा पण मोठा झाला. आज तो देवाला जायचा होता. दुसरा कोंबडा चालत नाय, बोलला तोच लागतो.

तोच कोंबडा माझ्या ओट्याशी आला आणि माझा नाकतोडा गिळायला गेला.

मी काठी धरली तोवर तो फडफडत आंब्यावर. तंगूस ताठ. वर देवाचा कोंबडा, खाली मी. अख्खा पाडा जमला.

"ओढ, ओढ!"

"ओढू नको, तोंड फाटंल! ढील दे!"

"अगं पाण्यात नाय तो, झाडावर हाय, ढील देऊन कुठं जाईल?"

जाऊ नातवाला छातीशी धरून ओरडत होती, "बाय, माझ्या नवसाला काय झालं तर बघ!"

कोंबड्यानं मला विचारून गिळलं नव्हतं. गळाला लागलेल्या मोठ्या मरळ माशाला दमवतात तसं दमवलं त्याला. जरा ढील, जरा ओढ. एकेक फांदी उतरत खाली आला, जसा काय जावई सासरी येतोय. गळ चोचीच्या कडेला अडकला होता. हळूच काढला. एक थेंब रगत आलं.

भगत आला. त्यानं सुपात तांदळाचे दाणे टाकले, बोटानं सारले, परत सारले. बोलला, "याचं रगत आधीच सांडलं. देव उष्टं घेत नाय."

जाऊ भगताच्या पुढ्यात आली. "मग माझ्या नातवाचं काय?"

भगतानं परत दाणे बघितले. "जिनं कोंबडा धरला तिनं मासा धरायचा. त्याच गळानं. सूर्य बुडायच्या आत. मग देवाचं देणं फिटलं."

निघालो नदीवर. मी पुढं काठी घेऊन, मागं जाऊ, सून, पोर, भगत आणि ढोलवाला. मी बोलली, "ढोल बंद कर रे, मासे पळतील." तो बोलला, "देवाचं काम हाय, ढोल कसा बंद करू?" पाणी पण थरथरत होतं. नाकतोड्याचा एक पंख कोंबड्यानं खाल्लेला. सूर्य खाली चालला. जाऊ पोराचं डोकं चाचपत होती. माझे हात कधी नव्हे एवढे हलत होते. मला बाकी काय नको होतं. पोराचा नवस माझ्या दारात मोडू नये, एवढंच.

काठी हलली. ओढली. एक मळ्या मासा आला, माझ्या बोटाएवढा. एवढ्या तोंडात तो गळ कसा मावला देव जाणे.

भगतानं तो पळसाच्या पानावर देवापुढं ठेवला. सगळे वाकून बघायला लागले.

"भगतबाबा, देवाला दिसतोय का?" जाऊ बोलली.

"देवाला दिसतो. तुला दिसत नसेल तर चष्मा लाव."

रीत अशी, की देवाला दिलेलं सगळ्या पाड्यानं खायचं. मोठं टोप चढवलं, मिरची घातली, चिंच घातली आणि तो मळ्या घातला. टोपात तो कुठं गेला कोणालाच कळलं नाय. सगळे भातावर लाल पाणी घेऊन जेवले आणि मासा झकास झालाय बोलले.

जावेनं माझ्या पानात रस्सा वाढला, नातवाला माझ्या मांडीवर टाकला आणि बोलली, "याला सांभाळ. आणि तोंडात काय घालू देऊ नको, तुझ्या घरचं तर काहीच नाय."