बोलणारा कॅल्क्युलेटर

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ भंगारवाल्यांची एक गल्ली आहे. बंद पडलेल्या पॉवरलूमचे सुटे भाग, जळलेल्या मोटारी, ऑफिसांतलं टाकाऊ सामान असं काहीबाही तिथे ढिगाने पडलेलं असतं. अशाच एका ढिगातून मी एक जुना जपानी कॅल्क्युलेटर उचलायला गेलो, तर पलीकडून एका म्हाताऱ्याचा हात त्यावर पडला.

"माझा हात आधी पडला," तो म्हणाला.

पडला नव्हता. पण त्याचा पांढरा कुर्ता, कातरलेली दाढी आणि भंगारवाल्याने त्याच्यासाठी आणलेला स्टूल बघून मी हात काढून घेतला. त्याने बटणांवरून नख ओढून पाहिलं, यंत्र कानाशी धरून एक बटण दाबलं आणि माझ्याकडे वळला.

"तुला यातलं कळतं की घरी खेळायला नेत होतास?"

कळतं, असं मी म्हणालो.

"मग चल, चहा पी. हा तुला मिळणार न्हाय, पण बघायला मिळेल."

तेव्हापासून मी त्यांना चाचा म्हणू लागलो. मी अंबाडीकडच्या गावातला, भिवंडीतल्या एका गोदामात हिशेब बघणारा. ते जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, एके काळचे लूममालक. लूम केव्हाच विकून झाले होते, कारखान्याची जागा भाड्याने गेली होती, आणि उरलेलं लक्ष चाचांनी बैठकीतल्या एका काचेच्या कपाटावर लावलं होतं. भाऊबंद कुवेत-दुबईला नोकरीला होते. येताना कोणी अत्तर आणलं, कोणी घड्याळ आणलं, तर चाचा ते बायकोकडे देऊन टाकत. त्यांना कॅल्क्युलेटर लागायचा. लाल अंकांचे, हिरव्या अंकांचे, पाकिटाएवढे पातळ, विटेएवढे जाड, असे सगळे कपाटात निळ्या मखमलीवर मांडलेले, आणि सगळे चालू.

मीही गोळा करत होतो, पण माझं सगळं एका ट्रंकेत मावायचं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जायचो. चाचा एकेक काढून हातात देत. "दाब," म्हणत. जुन्या बटणाला एक ठाम टक् असा प्रतिसाद असतो. बोटाला कळतं की आकडा आत गेला. त्यावरचा आकडाही छापलेला नसतो, दुसऱ्या रंगाचं प्लॅस्टिक बटणातून आरपार ओतलेलं असतं, म्हणून बटण झिजलं तरी आकडा पुसला जात नाही. चाचांच्या बोलण्यात देवाधर्मापेक्षा या बटणांचा उल्लेख जास्त असे.

नव्या मालाचा त्यांना राग होता. तसा तो आम्हा सगळ्यांनाच होता. आमचा मोबाइलवर संग्राहकांचा एक ग्रुप होता, पुण्या-नाशिकचे, हैदराबादचे लोक होते त्यात. कोणी नवा कॅल्क्युलेटर घेतला की तो उघडून आतले फोटो टाकायचे आणि बाकीच्यांनी हळहळायचं. आत रबराची एक पातळ चादर, नखाएवढं सर्किट आणि रिकामी जागा. पण आमच्या हळहळीत जरा दुःख असायचं. चाचांच्या रागात मजा होती. कोणी नवा कॅल्क्युलेटर दाखवायला आणला, की तो परत जाताना धड राहायचा नाही. शेजारच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने मोठ्या हौसेने घेतलेला त्यांनी तिच्यासमोर मोडेपर्यंत वाकवला. "बघ, हसतोय," म्हणाले. ती बिचारी तुकडे पर्समध्ये घालून गेली.

त्यांची एकुलती एक मुलगी आणि जावई त्यांच्याच घरी राहायचे. जावई दुबईत कुठल्याशा दुकानात होता, तिथलं काम गेल्यावर परत आला आणि सासऱ्याच्या घरी स्थिरावला. भाडं गोळा करणं, चाचांना डॉक्टरकडे नेणं, सगळं तोच करायचा. चाचा त्याला लोकांसमोर बेटा म्हणायचे. त्या 'बेटा'ला धार असायची.

त्या ईदला जावयाने त्यांना भेट दिली. चाचांच्या कपाटातल्या सगळ्यात लाडक्या जपानी मॉडेलची नवी आवृत्ती बाजारात आली होती. तेच रूप, तोच रंग, वर सोलरची पट्टी. जुन्या ओळखीच्या माणसाकडून त्याने ती खास दुबईहून मागवली होती. बैठक भरलेली होती, शिरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या. त्याने डबा चाचांच्या हातात दिला तेव्हा त्याचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता.

चाचांनी तो तळहातावर तोलला. "वजन हाय," म्हणाले. जावई खूश झाला.

मग त्यांनी खिशातून छोटा पेचकस काढला.

"अब्बा, आज राहू द्या," आतून मुलगी म्हणाली.

चाचांनी आधी सेल काढला आणि कॅल्क्युलेटर खिडकीतल्या उन्हात ठेवला. पडदा कोराच राहिला. "ऊन हाय ना? मग हा का मेला?" त्यांनी बैठकीला विचारलं. मग सोलरची पट्टी नखाने उचकटली. खाली काही नव्हतं. पट्टी म्हणजे चॉकलेटी रंगाचं साधं प्लॅस्टिक होतं, त्यावर रेघा छापलेल्या. मग त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि आतून काहीतरी शिरखुर्म्याच्या वाटीत ठण्णकन पडलं. चपट्या लोखंडाचा तुकडा होता. कशालाच जोडलेला नव्हता, नुसता डिंकाने चिकटवलेला. हाताला जड लागावं म्हणून.

चाचांनी तो उचलला, पुसला आणि जावयाच्या तळहातावर ठेवला.

"बेटा, तुला पण आम्ही असंच पसंत केलं होतं. वरून जड वाटलास."

बैठक हसली. मीही हसलो, वाक्यच तसं होतं. जावई थोडा वेळ लोखंडाकडे बघत राहिला, मग तोही हसला आणि रिकाम्या वाट्या गोळा करून आत घेऊन गेला.

पावसाळा संपता संपता चाचांना पक्षाघाताचा अटॅक आला. उजवी बाजू गेली, डाव्या हातातलाही जोर गेला आणि वाचा गेली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा ते डोळ्यांनी बोलायचा प्रयत्न करत होते, आणि ते मला समजत नव्हतं. घरी आणल्यावर त्यांना आतल्या खोलीत ठेवलं. तिथून बैठकीतलं कपाट दिसत नव्हतं.

काही आठवड्यांनी ग्रुपवर पुण्याच्या एका सभासदाने फोटो टाकले. टेबलावर ओळीने मांडलेले कॅल्क्युलेटर, खाली त्याच निळ्या मखमलीचा तुकडा. त्याने लिहिलं होतं, "भिवंडीचा माल आला." भराभर अभिनंदनं आली, टाळ्यांची चित्रं आली. एकाने विचारलं, म्हातारबुवा गेले का? पुणेकराने उत्तर दिलं, "नाही, पण आता त्यांना उपयोग नाही." त्यावर कोणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं, आणि लगेच हिरव्या अंकांच्या मॉडेलचा जवळून फोटो मागितला.

मी दुसऱ्याच दिवशी चाचांकडे गेलो. कपाट जागेवर होतं. काचेआड आता नातवंडांची बक्षिसं आणि डिनर सेट होता.

"काका, धूळ खात पडलं होतं," मी काही विचारायच्या आत जावई म्हणाला. "कदर करणाऱ्या माणसाकडे गेलं. तुम्हाला विचारणार होतो, पण तुमच्याकडे जागा कुठे? या ना, अब्बांना भेटा. त्यांच्यासाठी नवीन आणलाय."

आत चाचा उशांना टेकून बसले होते. मांडीवर जेवणाच्या ताटाएवढा रंगीत कॅल्क्युलेटर होता, मोठाल्या बटणांचा. फुटपाथवर मिळतो तसला. जावयाने त्यांचा डावा हात उचलून बटणावर ठेवला.

"दाबा अब्बा. काका आलेत."

चाचांनी दाबलं. कॅल्क्युलेटर बोलला. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा बाईचा आवाज, इंग्रजीत: "फाइव्ह."

"डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितलाय," जावई म्हणाला. "मी म्हटलं, अब्बांना बोलता येत न्हाय, तर निदान हा बोलेल." तो अगदी मऊ आवाजात बोलत होता. त्याने चाचांच्या तोंडाच्या कडेची लाळ रुमालाने पुसली, उशी सरळ केली. सेवेत कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती. "सात दाबा. सात अडकतं जरा. मजा येते."

सात खरंच अडकलं. "सेव्हन, सेव्हन, सेव्हन," बाई म्हणत राहिली. दारात उभी असलेली नातवंडं हसायला लागली. चाचांनी डोळे मिटले. जावयाने बटण नखाने उचकटून वर काढलं आणि म्हणाला, "चला, पुन्हा."

येणाऱ्या प्रत्येकासमोर हे होत होतं. चाचांचे जुने दोस्त, भाडेकरू, मशिदीतले लोक भेटायला यायचे आणि त्यांना आकडे ऐकवले जायचे. जावयाला कोणी काही म्हणू शकत नव्हतं. उलट, असा जावई नशिबाने मिळतो, असं लोक जाताना मुलीला सांगायचे.

मी घरी येऊन माझी ट्रंक उघडली. तिच्यात एक जर्मन कॅल्क्युलेटर होता, लाल अंकांचा, चाचांनी माझ्याकडे कितीदा तरी मागितलेला. मी कधीच दिला नव्हता, संग्राहक देत नसतो. त्याला नवा सेल घातला, मऊ फडक्याने पुसला आणि पुढच्या सुट्टीला घेऊन गेलो. जावई बाहेर गेला असेल अशी वेळ बघितली होती, तरी तो घरीच होता. मी पर्वा केली नाही. मांडीवरचं ते ताट बाजूला केलं आणि माझा कॅल्क्युलेटर चाचांच्या डाव्या हाताखाली ठेवला.

त्यांनी तो ओळखला. चेहऱ्याची चालणारी बाजू हलली. त्यांनी बोट बटणावर ठेवलं आणि दाबलं. बटण खाली गेलं नाही. पुन्हा दाबलं. जुन्या बटणांना जोर लागतो, त्यासाठीच तर आम्हाला ती आवडायची. त्यांचं नख पांढरं पडलं होतं, आणि पडदा काळाच होता. मी त्यांच्या बोटावर माझं बोट ठेवून दाबलं. लाल अंक उमटला. चाचांनी माझा हात झटकला. स्वतः आणखी एकदा प्रयत्न केला, मग बोट निसटलं आणि कॅल्क्युलेटर घसरून फरशीवर पडला. कोपरा फुटला.

चाचांनी डावा हात बाजूला सरकवला, चाचपडत ते रंगीत ताट शोधलं आणि मांडीवर ओढलं. त्याच्या रबरी बटणाला जोर लागत नव्हता.

"थ्री," बाई म्हणाली.

जावयाने खाली वाकून माझा कॅल्क्युलेटर उचलला, फुटलेल्या कोपऱ्यातून आत बघितलं आणि माझ्या हातात दिला. "चांगला माल आहे काका," तो म्हणाला. "सांभाळून न्या."

मी जिना उतरत असताना मुलगी मागून आली. पदर डोक्यावर घेत ती खालच्या पायरीवर थांबली.

"काका, राग मानू नका. थोडे दिवस येऊ नका तुम्ही. तुम्ही गेलात की अब्बा भिंतीकडे तोंड करतात, जेवत न्हाईत."

"आणि तो बाकीचे दिवस जे करतो ते?" मी विचारलं.

"त्यामुळे हात तरी हलतो," ती म्हणाली. "आता चमचा धरायला लागलेत. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा." मग जराशाने म्हणाली, "त्या ईदला आमचे हे रात्री जेवले नव्हते. तुम्ही सगळे होतात ना तेव्हा." आणि ती वर गेली.

मी गेलो नाही. नाक्यावर कधी जावई भेटायचा, तेव्हा तब्येत सांगायचा. तो ताटासारखा कॅल्क्युलेटर बंद पडला म्हणून त्याने तसलाच दुसरा आणला होता, मग तिसरा. टिकत नाहीत हो, म्हणायचा.

थंडीत चाचा गेले. मी मयतीला गेलो, कब्रस्तानात मागे उभा राहिलो. जावई रडत होता, आणि ते रडणं खोटं वाटत नव्हतं. संध्याकाळी मी ग्रुपवर बातमी टाकली. सगळ्यांनी हात जोडले. मग पुणेकराने लिहिलं, "त्यांच्याकडे अजून काही शिल्लक आहे का? चौकशी करता येईल का?"

नाही, असं मी लिहिलं. तेवढ्यात नाशिकच्या कोणीतरी नवा कॅल्क्युलेटर उघडून आतला फोटो टाकला, आणि बोलणं तिकडे वळलं.