घरपोच मत

मतदान गुप्त असतं, असं मी शाळेत शिकले. माझं मत मात्र आजवर अख्ख्या उदगीरच्या देखत झालं. पोलिओनं माझे दोन्ही पाय लहानपणीच गेले. आमचं मतदान केंद्र गल्लीच्या टोकाच्या शाळेत, वर जायला सहा पायऱ्या. दर निवडणुकीला मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं. एका बाजूनं दादा, दुसऱ्या बाजूनं कुठल्यातरी पक्षाचा कार्यकर्ता, आणि उचलायचं. एकदा तर तो कार्यकर्ता चौथ्या पायरीवर धापा टाकत कानाशी कुजबुजला, "ताई, तीन नंबर बरं का." मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते, नाहीतर तिथंच त्याच्या कानाखाली वाजवली असती. वर पोचलं की लोक फोटो काढणार, 'काय ही जिद्द!' म्हणणार. जिद्द कसली डोंबलाची. पायऱ्या कुणी बांधल्या ते विचारा ना.

मी घरीच हातमशीनवर ब्लाऊज शिवते. चार वर्षं गिऱ्हाईक बायकांच्या हाती अर्ज पाठवत राहिले, शाळेला उतार करा म्हणून. तहसील शाळेकडं बोट दाखवायची, शाळा तहसीलकडं. तेवढ्या काळात आम्ही कागदोपत्री अपंगाचे दिव्यांग झालो; पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. शेवटी यंदा उतार झाला. एका दुपारी शाळा बंद असताना मी तीनचाकी घेऊन एकटीच गेले. वर चढले, खाली आले, परत वर चढले. तळहात सोलले, पण इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. या वेळी माझी मी जाणार होते, बायकांच्या रांगेत थांबणार होते.

मग एके सकाळी दारात चार माणसं उभी. दोन कर्मचारी, एक पोलीस, एक कॅमेरावाला. घरून मतदान म्हणे. मी म्हटलं, मी कुठं मागितलं? त्यातल्या साहेबांनी फॉर्म दाखवला. सही माझीच होती. महिन्यापूर्वी दादानं कागद पुढं केला होता, "अपंगाचा कागद हाय, सही कर." पास, दाखला, निराधाराच्या पगारीचे कागद, सगळ्यांवर मी जन्मभर अशाच सह्या करत आले. न वाचता सही केली, ही माझी चूक. पण तो फॉर्म घेऊन घरी आलेल्या निवडणूक कचेरीच्या बाईंनीही मला विचारलं नाही. मी समोरच मशीनवर बसले होते.

"मी केंद्रावरच येईन."

"आता नाही जमणार, मॅडम. यादीत खूण झालीय. इथं करा, नाहीतर मत गेलं."

तोवर वहिनीनं चहा टाकला होता. शेजारपाजारचे दारात जमले होते. माझ्याच मशीनवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, आणि दादा पेन उघडून माझ्या शेजारी बसला.

"दादा, बाहेर जा. सगळेच जा."

"तुला तरास नको म्हणूनच भरलो की मी फारम. आन् माझ्यापासून काय लपवायलीस?"

"पाय गेलेत माझे. हात हायत."

कुरकुरत का होईना, सगळे बाहेर गेले. मी मतपत्रिकेवर चौकटीत खूण केली. पाकीट बंद केलं. साहेब "सहकार्याबद्दल धन्यवाद" म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मतदानाच्या दिवशी सगळं घर नटूनथटून निघालं. दादाला माझा चेहरा बघवला नसावा. उंबऱ्यातून मागं वळून म्हणाला, "चल की तूबी. नुसतं बघायला."

"बघायला?" मी ओरडलेच. "चार वर्षं अर्ज केले मी त्या उतारासाठी, दादा!"

तो खरंच गोंधळला.

"कुठला उतार?" त्यानं विचारलं.