बस्त्यात दिलेला शब्द

आमच्याकडे लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची माणसं एकत्र जातात. त्याला बस्ता म्हणतात. माझ्या मुलीचा बस्ता मलकापूरला झाला. नवरीचे कपडे मुलाकडचे घेतात, म्हणून दुकानातल्या पांढऱ्या गादीवर विहीणबाई पुढे बसल्या होत्या. मुलीचा बाप म्हणून मी जरा मागे होतो आणि गरजेपेक्षा जास्त हसत होतो.

माझी मुलगी जाड आहे. हे वाक्य कुणाची माफी न मागता मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. ती बुलढाण्यात एका शाळेत गणित शिकवते.

आधी माझ्यासाठी जाकीट काढलं. पोटावर बटण लागेना. सेल्समन लगेच म्हणाला, "काका, तुमची पर्सनॅलिटीच भारी हाय! थांबा, मोठं दाखवतो." मोठं आलं, बसलं. कुणी चकार शब्द काढला नाही. साड्याही झाल्या, साडी कुणाचं माप विचारत नाही. मग रिसेप्शनचा घागरा निघाला. विहीणबाईंना मोरपंखी आवडला. मुलीने विचारलं, "याच्यात मोठं माप आहे का?"

त्याच माणसाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, नवरीच्या मालात एवढं माप येतच नाही. तुमच्यासाठी तर अख्खा तागा फाडा लागीन!"

सगळे हसले. मुलाची आत्या पदर तोंडाला लावून म्हणाली, "अवं, मांडवाचं कापडबी इथूनच घेऊन टाका मंग!"

मीही हसलो.

मुलीने घागरा बाजूला सारला. "राहू द्या. मी साडीच नेसीन." तिथे विषय संपला असता. पण विहीणबाईंचा चेहरा उतरलेला मला दिसला आणि मी बोलून गेलो, "नाही नाही, हाच बांधा. लग्नाले दोन महिने हायेत. करतो तिले बारीक."

करतो तिले बारीक. गोठ्यातल्या जनावराबद्दल बोलावं तसं, तिच्यासमोर, परक्या माणसांत.

त्यानंतर ती दिवसाला एका भाकरीवर आली. माझा शब्द पाळत होती. तिसऱ्या आठवड्यात वर्गात फळ्यासमोर चक्कर येऊन पडली. सोबतच्या बाई तिला घरी घेऊन आल्या. मी आधी काय विचारलं असेल? "वजन किती उतरलं?" बायकोने हातातला पाण्याचा तांब्या माझ्यासमोर आपटला आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, फिटिंगसाठी आमच्याकडेच ठेवलेला तो घागरा घेऊन मी मलकापूरला गेलो. सेल्समन म्हणाला, "बस्त्याचा माल वापस होत नाही, काका. पोरीले म्हणा, भात सोड."

"माहं पोट दिसत नाही का तुले?" मी ओरडलो. "मले काऊन नाही म्हटलं, भात सोड?"

तो हसला. "तुमचं वेगळं हाय, काका."

काय वेगळं आहे? मी पन्नाशीचा पुरुष, माझं पोट म्हणजे पर्सनॅलिटी. तिचं शरीर मात्र दुकानभर वाटून घ्यायचा विनोद. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. पण त्याला ती अनोळखी गिऱ्हाईक होती. मला नव्हती.

घरी आलो तर मुलगी विहीणबाईंशी फोनवर बोलत होती. "मावशी, तो घागरा मले होत नाही. होणारबी नाही. मी साडी नेसणार." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने फोन माझ्यापुढे धरला.

"काऊन हो, तुम्ही तर बारीक करतो म्हणले होते," विहीणबाई म्हणाल्या.

फिटिंग करताना टेलरने घागरा बिघडवला असं सांगावं, हे माझ्या मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? मुलगी समोर उभी होती. मी म्हणालो, "चुकलं माहं. तिले न विचारता बोललो. पोरगी आहे तशीच मांडवात येईन. तुम्हाले चालत नसंल तर आत्ताच सांगा."

विहीणबाई म्हणाल्या, "साडी कोणत्या रंगाची, तेवढं कळवा." फोन बंद झाला.

मी मुलीकडे पाहिलं. ती हसेल, निदान जवळ तरी येईल, असं वाटलं होतं.

"हे दुकानात म्हणायचं होतं, पप्पा," ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.