चाकांवरचं माहेर

माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली तरी आई माझ्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घेत नव्हती. भांडण नव्हतं, राग नव्हता. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, एवढंच. तिच्या आईने ते पाळलं, आजीने पाळलं, म्हणून हीही पाळायची. त्या बायकांना वर्ष-दोन वर्षं थांबावं लागलं असेल. हिला चौदा झाली होती आणि मला मूल नव्हतं.

महाडच्या पुढच्या गावाहून ती एसटीने यायची. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि फिरकीचा तांब्या. नेरूळच्या आमच्या दोन खोल्यांत भिंतीला टेकून बसायची, स्वतःचं खायची, स्वतःचं प्यायची आणि तांब्या रिकामा झाला की निघायची. एकदा मी चिडून तांब्या लपवून ठेवला. म्हटलं बघू किती वेळ तहान धरते. तर बाई दुपारभर ओठ सुकवून माझ्याशी हसून बोलत बसली. संध्याकाळी मीच तांब्या काढून पुढे ठेवला. माझा स्वभाव तापट आहे हे मला कोणी सांगायला नको. पण आईच्या त्या शांतपणापुढे माझं कधीच काही चाललं नाही.

वडील गेले आणि मग तिच्या पायांना सूज यायला लागली. चार पावलं चालली की धाप. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, यांना एकटं ठेवू नका. म्हणजे कुठे ठेवू? मला ना भाऊ ना बहीण. तिला माझ्याकडे आणायचं तर ती उपाशी राहणार. मला तेव्हा आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. तिने माझ्याकडे राहावं आणि माझ्या हातचे दोन घास खावेत. जगात सगळ्या लेकींना मिळतं तेवढंच. त्यासाठी मी तिच्याशी पत्रातून भांडले, गावी जाऊन भांडले, रडून पाहिलं. ती म्हणायची, बघू पुढच्या वर्षी.

माझा नवरा नावड्याजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. बोलायला अगदी कमी, आणि एक स्क्रू टाकून देईल तर शपथ. एका रविवारी तो टेम्पोच्या मागे बांधून एक दोनचाकी ट्रेलर घेऊन आला. कारखान्यात जीपच्या मागे लावून त्यातून ड्रम न्यायचे. खोका गंजून गेला होता म्हणून भंगारात काढलेला. मी कपाळाला हात लावला. इथे माझ्या जिवाला घोर लागलाय आणि हा माणूस लोखंड गोळा करतोय.

"तुझ्या आईला तुझं घर चालत नाही ना?" तो म्हणाला. "मग हे घर नाही. याला चाकं आहेत."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. लग्नानंतर मी त्याचं इतकं लांब वाक्य ऐकलं नव्हतं.

चार महिने आमचे रविवार त्या ट्रेलरने खाल्ले. गंजका खोका कापून टाकला. नावड्याच्या गॅरेजवाल्याकडून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा वेल्ड करून आणला. कारखान्यात परदेशी मशीनं ज्या लाकडी खोक्यांतून यायची, त्यांच्या फळ्या भिंतींना लावल्या. काही फळ्यांवरची इंग्रजी अक्षरं उलटी बसली. मी बोलले, तर म्हणाला, आतून रंग लागेल. वर पत्रा, दोन बाजूंना जाळीच्या खिडक्या, झोपायला बाक, बाकाखाली सामानाचा कप्पा, कोपऱ्यात स्टोव्हपुरता ओटा. घासणं, फटींत लांबी भरणं, रंग देणं माझ्याकडे. आठवडाभर शाळेत चाळीस पोरांपुढे घसा कोरडा करायचा आणि रविवारी हातात पॉलिश पेपर. त्या दिवसांत मला थकवा इतका असायचा, की ब्रश हातात घेऊन मी जमिनीवरच बसून राहायचे. महिन्याचे चार दिवस दहा-दहा दिवस चालायचे. कामामुळे होत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. लक्ष द्यायला वेळ कोणाला होता?

ट्रेलर तयार होत आला तेव्हा नवरा एकटाच गावी जाऊन आईशी बोलून आला. तिने नाही म्हटलं नाही. तीन गोष्टी विचारल्या. गाडी कोणाची? पाणी कुठलं? आणि दिवा कोणाच्या मीटरवर?

पहिल्या दोन सोप्या होत्या. गाडी तिने आपल्या तांब्याच्या हंड्याच्या बदल्यात घेतली. हंडा आमच्याकडे आला, गाडी तिची झाली. पाणी इमारतीखालच्या सार्वजनिक नळाचं. तो सगळ्यांचा, म्हणजे लेकीचा नाही. राहिला दिवा. आमच्या खिडकीतून वायर खाली सोडली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण ती वीज लेकीच्या घरची. मी म्हटलं, झालं, आता रॉकेलची चिमणी लावून बसू दे. नवऱ्याने मात्र ते मनावर घेतलं. त्याच्या ओळखीचा एक माणूस डोंगरातल्या वाड्यांवर सरकारी योजनेतले उन्हावरचे दिवे बसवायचा. कोपऱ्याला तडा गेलेली एक सौर काच नापास होऊन त्याच्याकडे पडली होती. ती आणली. ट्रकची जुनी बॅटरी, बसच्या ड्रायव्हरपुढे असतो तसला छोटा पंखा आणि गाडीचा बल्ब, असा सगळा संसार त्याने जुळवला. आमच्या आजूबाजूला तेव्हा असली काच कोणी पाहिलेली नव्हती. लोक येऊन हात लावून जायचे. ऊन कोणाच्याच मीटरवर नाही, हे आईला पटलं.

मार्चमध्ये आम्ही तिला आणलं. स्टोव्ह, तांदळाचं पोतं, देव, गोधड्या, सगळं तिचं. चाकांखाली विटा लावल्या. काच टपावर घट्ट बसवलेली. आणि दुसऱ्याच दिवशी आमची अक्कल बाहेर आली. काचेला ऊन पाहिजे म्हणून गाडी उन्हात उभी करायची, आणि त्या उन्हात पत्र्याखाली आई भाजून निघायची. पंखा जोरात फिरायचा खरा, पण भट्टीतली हवा! एवढी चार महिने डोकेफोड केली आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. हसावं का रडावं कळेना. आई मात्र पदराने मान पुसत म्हणाली, बरं आहे, सूज उतरेल.

मग काच टपावरून काढली, लोखंडी स्टुलावर बांधली आणि लांब वायर जोडली. गाडी भिंतीच्या सावलीत, काच मैदानात. पण इमारतीची सावली काही एका जागी थांबत नाही. सकाळी स्टूल गेटापाशी, दुपारी टाकीपाशी, चार वाजता पार रस्त्याच्या कडेला. हे स्टूल हलवायचं काम माझ्याकडे आलं. डोंगरातल्या खाणींची पांढरी धूळ रोज काचेवर बसायची, ती ओल्या फडक्याने पुसायचीही मीच. शाळेच्या मधल्या सुट्टीत धावत घरी यायचे ते स्टूल सरकवायला. त्या काचेची जेवढी सेवा केली तेवढी मी नवऱ्याची केली नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं.

सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्याच आठवड्यात आले. कंपाउंडमध्ये झोपडी चालणार नाही म्हणाले. नवऱ्याने सांगितलं, झोपडी नाही, उभी केलेली गाडी आहे. नंबर कुठे आहे, त्यांनी विचारलं. गाडीला नंबर नव्हताच. नोटीस द्यायची त्यांची तयारी होती, पण तोवर त्यांचीच बायको रोज संध्याकाळी आईच्या पायरीवर येऊन बसायला लागली आणि विषय मिटला.

मला वाटलं होतं, आता ती माझ्या हातचं खाईल. घर नाही, उंबरा नाही, आता काय अडतंय? पहिल्या सकाळी मी उपम्याची ताटली घेऊन खाली गेले. आईने ताटलीकडे बघितलं.

"हे वरच्या शेगडीवरचं आहे ना, बाय? मग नको."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तुझ्यासाठी हातांची सालटी काढली मी, चार महिने पाठ टेकली नाही, आणि तुला माझा चमचाभर उपमा जड होतो? मी माणूस आहे की कोण आहे?  तिने स्टोव्हला पंप मारला, पिठाचा गोळा घेतला आणि भाकरी थापायला लागली. मग बाकावर थोडी सरकून मला म्हणाली, बस. मी रागातच बसले. रागातच खाल्लं. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी खाली जेवायला लागले. शाळेतून आले की जिना चढायचं त्राण नसायचं. पाय आपोआप तिच्या पायरीकडे वळायचे. ती वाढायची, मी खायचे. सारसोळ्याची कोळीण दारावर यायची, तिच्याकडून ती मांदेली घ्यायची आणि माझ्यासाठी कुरकुरीत तळायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, तुझं बरं आहे, दोन जिने उतरलं की माहेर. बरं होतंच. पण मला तिला खाऊ घालायचं होतं, आणि खात होते मी. रोज काही ना काही घेऊन उतरायचे आणि रोज तसंच झाकून वर आणायचे. सहा महिन्यांत मी बोलूनही थकले.

पावसाळ्यात काच म्हणजे नुसती भिंतीला टेकवलेली पाटी. ऊन नाही, बॅटरी मेलेली, गाडीत दमट कोंदटपणा आणि आईची धाप वाढलेली. नवऱ्याने काय करावं? पहाटे बॅटरी वर आणून आमच्या विजेवर भरायला सुरुवात केली. मला माहीत होतं. मी गप्प राहिले. पाच दिवस सूर्याचं तोंड दिसलं नाही आणि पंखा फिरतोय, तेव्हा तिने जावयाला विचारलं. या माणसाला खोटं कुठे बोलता येतं? तिने हात लांब करून पंखा बंद केला.  पुढचे दोन महिने चिमणीच्या उजेडात बसली, पुठ्ठ्याने वारा घेत. मी भांडभांड भांडले. तुझ्या हट्टापायी जाशील एक दिवस, असंही म्हणाले. आईला असं बोलल्याचं मला अजून वाईट वाटतं.

दिवाळीनंतर मी शाळेत चक्कर येऊन पडले. अंगात रक्तच उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, गर्भाची पिशवी काढावी लागेल, थांबण्यासारखं नाही. मी एकोणचाळीस वर्षांची होते. खरं सांगते, मला फार दुःख झालं नाही. मी आशा कधीच सोडून दिली होती, आणि इतकी दमले होते, की कोणी म्हणालं असतं पाय काढायचेत, तरी मी चालेल म्हटलं असतं. आईला सांगितलं, पोटात गाठ आहे, ती काढणार.

दहा-बारा दिवस मी दवाखान्यात होते. त्या दिवसांत नवरा आईकडे जेवायचा आणि माझा डबाही तीच करून द्यायची. मी घरी आले तेव्हा ती गाडीच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत राहिली. मी धरून धरून जिना चढले आणि पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. नवऱ्याने उघडलं तर आई. दोन जिने ती एकटी चढून आली होती. श्वास लागला होता, बोलता येत नव्हतं, पाय टम्म सुजलेले. हातात पिशवी नव्हती, तांब्या नव्हता. ती आत आली आणि जमिनीवर भिंतीला टेकून न बसता थेट स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसली. मी पोट धरून उठले.

"पाणी दे मला," ती म्हणाली.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. तिने विचारलं होतं, आणि त्याने सांगून टाकलं होतं.

मी माठातलं पाणी दिलं. तिने सगळं प्यायलं आणि भांडं खाली ठेवलं.

"आता जेवायला वाढ," ती म्हणाली. "आता कशाची वाट बघायची?"

चौदा वर्षं मला वाटत होतं, ती रूढी धरून बसलीय, शेजारणी काय म्हणतील म्हणून घाबरतेय, माझ्यापेक्षा तिला आपला नेम मोठा आहे. मी किती काय काय बोलले तिला. आणि ती बाई नुसती थांबली होती. मी थांबायचं सोडून कैक वर्षं झाली, नवराही थांबायचं सोडून गप्प झाला, आणि ती एकटी तहानलेली, चिमणीच्या धुरात, माझ्यासाठी थांबली होती.

शेजारणीने आणून दिलेला वरणभात होता. मी म्हटलं, हा माझ्या हातचा नाही. ती म्हणाली, घर तुझं आहे ना, वाढ. मी वाढला. वरण ताटाबाहेर सांडलं. तिने पहिला घास उचलला, आणि इतकी वर्षं जेव, जेव म्हणून तिच्या जिवावर उठलेली मी तिथेच खाली बसले आणि तिचं मनगट धरलं.

"आई, नको ना जेवूस."

तिने डाव्या हाताने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि घास तोंडात घातला.